आपलं कोन हाय त्याच्यात?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्याने कतारला हरवलं. क्रीडा पानावर ही बातमी आली नाही, पण गिनेस बुकात नोंद आहे. दोह्यात २०१९ मध्ये सव्वापंचवीस किलोमीटर डांबर सलग अंथरून विक्रम झाला होता. त्याला दहा दिवस लागले होते. आमच्याकडे ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत तयार झाली. ज्या रस्त्याने वर्षानुवर्षं आमच्या कमरा खिळखिळ्या केल्या तो पाच दिवसांत होऊ शकतो, हे ऐकून आनंदापेक्षा संशयच जास्त आला. मग नोव्हेंबरात कतारने फुटबॉलचा विश्वचषक भरवला आणि सगळं जग तिकडे बघायला लागलं. आमचा डांबरातला विजय झाकला गेला तो गेलाच.

विश्वचषकाचा महिना वऱ्हाडात मजेत जातो. पानठेल्यावरचा पोरगा अर्जेंटिनाची पट्ट्यांची जर्सी घालून पानाला चुना लावतो. ऑफसाइड म्हणजे काय, यावर मध्यरात्री आवाज चढतात. फायनल झाली की जर्सी पेटीत आणि ऑफसाइड विस्मरणात, ते थेट चार वर्षांनी. अशा मुलखातल्या दोन माणसांनी ‘नवी फुटबॉल लीग जुन्या लीगपुढे टिकते का’ यावर अख्खी दुपार घालवली, याचं खापर मी अकोल्याच्या मे महिन्यावर फोडतो. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेला की माणूस घराबाहेर पडत नाही, आणि कूलरसमोर बसून कुठलाही विषय चालतो.

आमचे अकोल्याचे साडभाऊ निवृत्त आहेत, म्हणजे नोकरी संपली आणि मतं पूर्णवेळ झाली. त्यांना मी इंडियन सुपर लीगची कथा सांगायला घेतली. देशात २००७ पासून आय-लीग होती. २०१४ मध्ये ही सुपर लीग आली, ती वाजतगाजत. सिनेनट मालक, युरोपातले उतारवयातले नामवंत खेळाडू, दारूकाम. आधी दोघींनी वर्ष वाटून घेतलं, २०१७-१८ पासून एकाच वेळी मैदानात उतरल्या, आणि बघता बघता धाकटी थोरली झाली, थोरली एक पायरी खाली गेली. गोव्याच्या साळगावकर आणि स्पोर्टिंगने २०१६ मध्येच निषेध म्हणून जुन्या लीगमधून अंग काढून घेतलं. पुण्या-मुंबईचे जुन्या लीगमधले क्लब एकेक करून मिटले. बरं, नव्या लीगमधले टिकले म्हणावं, तर एफसी पुणे सिटीही २०१९ मध्ये बंद पडली आणि तिच्या जागी हैदराबादची टीम आली.

साडभाऊ उठले, कूलरमध्ये बादलीभर पाणी ओतलं, गवताच्या ताट्या भिजल्या का ते बोट लावून पाहिलं, परत येऊन बसले आणि म्हणाले, “ते सारं खरं जी. पन आपलं कोन हाय त्याच्यात?”

“आपलं म्हणजे?”

“अकोल्याचं. निदान तुमच्या अमरावतीचं तरी.”

“कोणी नाही.”

“मंग पाहाचं कायले?”

हा प्रश्न अडाणी नाही. कोट्यवधी रुपये घालून लीग काढणाऱ्यांना जो प्रश्न शेवटी आडवा येतो, तो हाच. माझं तर मत असं, की सुपर लीग जुन्या लीगला भारी पडली ती दारूकामामुळे नाही. २०२० मध्ये कोलकात्याचे मोहन बागान आणि ईस्ट बंगाल तिच्यात आले, तेव्हा. मोहन बागान म्हणजे १८८९ सालचा क्लब! त्याच्या नावाआधी ‘एटीके’ ही अक्षरं चिकटवली होती, तर समर्थकांनी ती निघेपर्यंत मालकांना सुखाने झोपू दिलं नाही. २०२३ मध्ये ती गेली. नवीने जुनीला हरवलं असं सगळे म्हणतात, पण जुनीची माणसं आपल्याकडे ओढून आणावी लागली. आणि इतकं करून २०२५ मध्ये फुटबॉल महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत आला, नवा होईना, तेव्हा या विजयी लीगचाच हंगाम वेळेवर सुरू झाला नाही.

‘आपलं कोन’ हा नियम क्रिकेटमध्येही आम्ही काटेकोर पाळतो. आयपीएलमध्ये विदर्भाची टीम नाही, म्हणून आमची निष्ठा मोकळी असते. अमरावतीचा जितेश शर्मा आणि अकोल्याचा अथर्व तायडे, दोघेही २०२३ मध्ये पंजाबकडून खेळत होते, तेव्हा दोन्ही जिल्हे दोन महिने पंजाबी होते. अमरावती आणि अकोल्याचं एखाद्या गोष्टीवर एकमत होण्याचा तो अलीकडचा बहुधा एकमेव प्रसंग. पुढे जितेश बंगळुरूला गेला, आम्हीही गेलो, आणि २०२५ मध्ये चषक घेऊनच परतलो. अठरा वर्षं वाट पाहिलेल्या बंगळुरूकरांपेक्षा आम्ही सोयीस्कर निघालो.

आणि खरी प्रस्थापित लीग पाहायची असेल तर उन्हाळ्यात एखाद्या गावाबाहेरच्या टेनिस बॉलच्या मैदानावर जावं. कुणाच्या तरी स्मरणार्थ चषक असतो. बॅनरवर वीसेक चेहरे असतात, त्यांतला एकही खेळाडूचा नसतो. वरच्या रांगेत आमदार, खालच्या रांगेत होऊ घातलेले नगरसेवक. माइकवरचा पोरगा मराठी, हिंदी आणि वऱ्हाडी एकाच वाक्यात बोलतो, आणि षटकार बसला की मधूनच कुणाची तरी मोटरसायकल बाजूला घ्यायला सांगतो. तिथे येणाऱ्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी आत खेळत असतो. ही लीग पाडायला अजून कुठला उद्योगपती धजावलेला नाही.

कबड्डीचं गणित वेगळं झालं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ ची. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये याच मंडळाच्या मुलांनी देशी खेळ करून दाखवले, त्यात हुतूतूही होता. त्यामुळे २०१४ मध्ये प्रो कबड्डी टीव्हीवर आली तेव्हा इथे कुणाला ती नवी वाटलीच नाही. लहानपणी गुडघे फोडून घेतलेला खेळ गादीवर गेला, एवढंच. मात्र २०१९ मध्ये निराळ्या महासंघाने पुण्याच्या बालेवाडीतून आणखी एक कबड्डी लीग सुरू केली, ‘मुंबईचे राजे’ वगैरे झोकदार नावांच्या आठ टीम घेऊन, ती एका हंगामानंतर ऐकू येईनाशी झाली. खेळ तोच, माती तीच. पण बघणाऱ्याने आपलं माणूस आधीच निवडून ठेवलं होतं.

मग साडभाऊंशी बोलता बोलता मी अमेरिकेला गेलो. तिथल्या हाताने खेळायच्या फुटबॉलमध्ये १९८३ साली यूएसएफएल नावाची लीग निघाली. तिने बलाढ्य एनएफएलवर मक्तेदारीचा खटला भरला आणि १९८६ मध्ये जिंकला! ज्यूरीने नुकसानभरपाई ठरवली एक डॉलर. कायद्याने ती तिप्पट होते, म्हणून तीन डॉलर. व्याज धरून चेक निघाला तीन डॉलर शहात्तर सेंटचा.

मला वाटलं साडभाऊ हसतील. ते हसले नाहीत. २०२५ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या काही शेतकऱ्यांना पीकविम्याचे तीन-तीन, पाच-पाच रुपये मिळाले होते आणि ते त्यांनी जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन परत केले होते.

“म्हंजे तिकडं बी विमा कंपनीच हाय,” ते म्हणाले. “फक्त डॉलरमंदी देते.”

चहा झाल्यावर त्यांनी अमरावती-अकोला फुटबॉल लीगची घोषणा केली. फायनल मूर्तिजापूरला, कारण ते मधात पडतं. मूर्तिजापूर अकोला जिल्ह्यात येतं हे मी दाखवून दिलं आणि बडनेरा सुचवलं. बडनेऱ्याला त्यांनी हात झटकले. तो प्रश्न आम्ही समितीकडे सोपवला. समितीत आम्ही दोघंच. खेळाडूंचा विषय निघाला नाही. पण बॅनरवर पहिला फोटो कोणाचा, इथे बैठक फुटली, आणि दिवेलागणीच्या आत साडभाऊंनी स्वतःची वेगळी लीग जाहीर केली. माझी तिच्यापेक्षा तासभर जुनी आहे, म्हणून प्रस्थापित मीच.