दाब, धर, सोड!

पाचगणीहून लाल मातीची पोती भरून पसरणी घाट उतरत होतो. आमची जुनी पिकअप वेळेवर थांबत नाही, हे चालवणाऱ्या मला कळायच्या आधी शेजारी बसलेल्या हिला कळलं. वळण आलं की ही आपल्या बाजूला जोरात पाय रोवायची. तिथे पेडल नाही, असं मी म्हटलं. "तिकडे तरी कुठे आहे?" ती म्हणाली. वाईत उतरलो तर पुढच्या चाकांना जळका वास.

मी बँकेत कर्ज खात्यात होतो. समोरचा माणूस हप्ते बुडवणार की नाही हे नुसता चेहरा बघून सांगायचो, आणि मी पास केलेली बरीच कर्जं पुढे बुडाली ते सोडा. पण निदान करायची खोड निवृत्तीनंतरही जात नाही. वास पुढून, म्हणजे दोष पुढे. लगेच पुढचे ब्रेक पॅड बदलले. पुढच्या खेपेला नव्या पॅडचा वास आला.

मग अभ्यासाला लागलो. पेडल मऊ लागलं तर पाइपात हवा. दाबून धरल्यावर हळूहळू खचलं तर मास्टर सिलिंडरची रबरं गेली. एकदा खोल जाऊन लगेच दुसऱ्यांदा दाबल्यावर वर लागलं तर मागच्या ड्रममधले लायनर सैल. बूस्टर तपासायची रीतही सापडली: इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, पाय तसाच ठेवायचा आणि गाडी सुरू करायची. मी सुरू केली, तर पेडल किंचित खाली गेलं! "बूस्टर गेला!" म्हणून अंगणभर ओरडलो, दुकानात जाऊन नव्या बूस्टरची किंमत विचारली, घाम पुसत घरी आलो आणि मग पुढची ओळ वाचली. पेडल खाली गेलं तर बूस्टर ठणठणीत.

राहिली हवा आणि ऑईल. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा पितं. डॉट ३ चं नवं ऑईल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा प्यायलेलं मात्र १४० च्या आसपासच उकळू शकतं, आणि घाटात तापलेल्या चाकाशी त्याची वाफ झाली की पेडल थेट तळाला. हे सगळं हिला पोहे खाताना ऐकवलं. ते थांबावं म्हणूनच बहुधा ती पेडलवर बसायला तयार झाली.

मी मागच्या चाकाशी हवा काढायचं निप्पल सैल करायला, ती आत. मी म्हणायचो दाब, ती म्हणायची दाबलंय, मी म्हणायचो धर, ती विचारायची किती वेळ, तेवढ्यात कुकरची शिट्टी व्हायची आणि निप्पल उघडं असतानाच तिचा पाय सुटायचा, मग निघालेल्या हवेहून जास्त हवा आत, आणि या दाब-धर-सोडमध्ये बॉनेटखालची ऑईलची टाकी कधी कोरडी पडली ते कुणी पाहिलंच नाही, म्हणून घाईघाईने ती भरायला गेलो तर निम्मं ऑईल बंपरवर. ब्रेक ऑईल रंग खातं, हेही मी वाचलेलं होतं. सकाळी बघतो तो 'आई-वडिलांचा आशीर्वाद' मधले वडील गायब. ओसरीवरून नाना म्हणाले, "अरे, मी आहे अजून!"

शेवटी नाक्यावरच्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. मागे जाऊन वाकले आणि विचारलं, "साहेब, पाटा कधी वाढवला?"

मागच्या स्प्रिंगचा पाटा मीच वाढवला होता, भरलेली गाडी मागून फार बसते म्हणून, आणि त्याबद्दल चारचौघांत मिरवलोही होतो. आमच्या गाडीत मागच्या ॲक्सलवरून एक दांडी चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जाते. माल भरून गाडी बसली की ती दांडी हलते आणि व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की कमी, नाहीतर हलकी झालेली मागची चाकं जाम होऊन गाडी फिरायची. जादा पाट्यामुळे आमची गाडी बसेचना. पाठीवर पोत्यांची थप्पी घेऊन ती बिचारी स्वतःला रिकामीच समजत होती, आणि थांबवायचं बहुतेक काम पुढच्या चाकांच्या गळ्यात.

मिस्त्रींनी दांडीचा नट सैल करून ती नव्या उंचीला जुळवली, माझी हवा काढायची कामगिरी निस्तरली, पोती भरून घाटात एक चक्कर मारून आणली आणि चहा घेतला. पैसे विचारले तर म्हणाले, "राहू द्या. ते पुढचे जुने पॅड टाकले नाहीत ना? द्या इकडे. वर्षभर तरी चालतील."