गोळी एक, वैद्य गावभर

आपल्याकडे कॅन्सरच्या पेशंटला भेटायला येणारा पाहुणा रिकाम्या हाताने येत नाही. शहाळं आणतो, डाळिंबं आणतो, आणि ते परवडत नसेल तर उपाय आणतो. उपाय फुकट असतो. त्याची किंमत पेशंट मोजतो.

पूर्वी हे पाहुणे तसे निरुपद्रवी होते. केमो म्हणजे सलाईन, आणि सलाईन म्हणजे पुणं, मुंबई, नाहीतर बार्शी. औषध नर्सच्या ताब्यात. तिच्या डोळ्यांदेखत काढ्याची बाटली उघडायची कुणाची छाती होती? आता बऱ्याच कॅन्सरचं औषध गोळी होऊन घरी येतं. जामखेडला येतं, कोपरगावला येतं, फ्रिजवर बीपीच्या गोळ्या आणि च्यवनप्राश यांच्यामध्ये जाऊन बसतं. एसटीचे हेलपाटे वाचले, खाट वाचली, सोय झाली.

आणि पहारा उठला.

ही गोळी स्वस्त झाली तीही सुखासुखी नाही. रक्ताच्या एका कॅन्सरवर, सीएमएलवर, इमॅटिनिब नावाचं औषध आहे. नोव्हार्टिस कंपनीचं ‘ग्लिव्हेक’ महिन्याला लाख-सव्वा लाखाला पडायचं, तेच देशी कंपन्या आठ-दहा हजारांत द्यायच्या. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने कंपनीला नकार दिला. कंपनी कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिली आणि १ एप्रिल २०१३ रोजी सुप्रीम कोर्टाने तिला वाटेला लावलं. सात वर्षं भांडून राखलेली ही गोळी आपण कशाबरोबर गिळतो, हे मात्र कोणी विचारलं नाही.

समजा, त्याच पेशंटला टीबीही आहे. रिफाम्पिसिन चालू आहे. रिफाम्पिसिन यकृताला असं कामाला लावतं की इमॅटिनिब रक्तात टिकतच नाही, सुमारे पाऊण हिस्सा गायब होतो. चार गोळ्या गिळल्या, कामाला एक आली. फिटसाठीची फेनिटॉइनही याच वळणाची. टीबीचं औषध सरकार फुकट देतं, आणि ते दुसरं औषध फुकट घालवतं.

दोन विभाग, दोन फायली, दोन डॉक्टर. पोट मात्र एकच.

आता आपल्या राष्ट्रीय गोळीकडे वळू. गॅसची गोळी! सकाळी उठल्याबरोबर, चहाच्या आधी, वर्षानुवर्षं. कुणी सुरू केली आठवत नाही, कुणी बंद करायला सांगितलेली नाही. जिल्ह्यातली निम्मी प्रिस्क्रिप्शनं तिच्याशिवाय पुरी होत नसावीत. इमॅटिनिबला तिचं फारसं वावडं नाही. पण त्याच्या मागून आलेल्या डासाटिनिबला विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. आम्लच मारलं तर गोळी विरघळणार कशात? ओमेप्राझोलबरोबर डासाटिनिबचा रक्तातला अंश चाळीस टक्क्यांहून अधिक घसरतो. फुप्फुसाच्या कॅन्सरवरच्या एर्लोटिनिबचंही तेच, तिथे घट ४६ टक्क्यांची.

हजारोंचं औषध, आणि त्याला आडवी येते ती पाच-दहा रुपयांची गोळी. छातीत जळजळ होत होती ना? मग झालं तर!

एर्लोटिनिबला आणखी एक शत्रू आहे, बिडीचा धूर. ओढणाऱ्याच्या रक्तात हे औषध न ओढणाऱ्याच्या जवळपास निम्म्यावर येतं. आबा गोठ्यामागे जाऊन एकच ओढतात. घरच्यांना कळत नाही, यकृताला कळतं.

पण गोळ्यांचं आणि बिडीचं निदान कुणी कौतुक करत नाही. काढ्याचं करतात. करोनात गुळवेलीने दारोदार मुक्काम ठोकला, तो अजून हलवलेला नाही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या सहा जणांच्या यकृताला सूज आल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती दिशाभूल करणारी ठरवली. पुढच्या वर्षी देशभरातल्या तेरा केंद्रांतून अशा ४३ रुग्णांची नोंद आली. वाद चालू दे. पण ज्याची केमोची गोळी आधीच यकृतावर बसलेली आहे, त्याने या वादाचा निकाल आपल्या अंगावर का लावून घ्यावा?

‘नैसर्गिक आहे, अपाय नाही.’ धोतराही नैसर्गिकच आहे.

मग येतं लक्ष्मणफळ. सीताफळाच्या भाऊबंदातलं. मोबाइलवर फिरणाऱ्या मेसेजप्रमाणे ते केमोपेक्षा दहा हजार पट गुणकारी आहे. नऊ हजार नऊशे का नाही? मोजलं कुणी? परीक्षानळीतल्या पेशींवर काहीबाही चाललं, त्याचा हा पराक्रम. परीक्षानळीत फिनेलसुद्धा कॅन्सरच्या पेशी मारील. माणसांवरचा अनुभव हवा असेल तर कॅरिबियनमधल्या ग्वाडेलूप बेटावर जावं. तिथे या झाडाची फळं आणि पानांचा काढा नेमाने घेणाऱ्यांत कंपवातासारखा आजार दिसतो, असं डॉक्टरांनी १९९९ सालीच मांडलं. तो मेसेज कुणी पुढे पाठवला नाही. त्यात चमत्कार नव्हता.

नोव्हेंबर २०२४ मध्ये माजी क्रिकेटपटू नवज्योतसिंग सिद्धूंनी जाहीर केलं की पत्नीचा चौथ्या टप्प्यातला कॅन्सर हटला, आणि श्रेय दिलं लिंबूपाणी, हळद, कडुलिंब आणि खाण्याच्या वेळांना. बाईंची शस्त्रक्रिया झाली होती, केमो झाली होती. पण ते पाहुण्याला सांगण्यासारखं कुठे आहे? टाटा मेमोरियलच्या आजी-माजी २६२ कॅन्सरतज्ज्ञांना सही करून पत्रक काढावं लागलं की बाबांनो, याला पुरावा नाही, उपचार थांबवू नका. शतक एकाने ठोकायचं आणि सामनावीर नॉनस्ट्रायकरला करायचं, हे निदान सिद्धूंना तरी खटकायला हवं होतं.

हळदीचं मात्र खरं काय ते सांगायला हवं. आमटीतल्या चिमूटभर हळदीने कुणाचं काही बिघडत नाही. प्रश्न कॅप्सूलचा आहे. रॉटरडॅमच्या डॉक्टरांनी २०१९ मध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या थोड्या स्त्रियांना हळदीतलं कर्क्युमिन आणि मिऱ्यातलं पायपरीन जास्त मात्रेत देऊन पाहिलं. टॅमॉक्सिफेनचा शरीरात जो कामाचा भाग तयार होतो, तो सुमारे १२ टक्क्यांनी उतरला. फार नाही. पण स्तनाचा कॅन्सर परत येऊ नये म्हणून पाच-पाच, दहा-दहा वर्षं घ्यायच्या गोळीतून रोज एवढं गळू द्यायचं, आणि वर डबीचे पैसे मोजायचे?

याच टॅमॉक्सिफेनबरोबर पॅरोक्सेटिनसारखी नैराश्यावरची गोळी दिली तर गळती कितीतरी मोठी असते. ती लिहून देणारा डॉक्टरच असतो. जडीबुटीवाल्याने एकट्याने का शिव्या खाव्यात?

फळांबाबत आपली सावधगिरी और आहे. गोळीच्या कागदावर लिहिलेलं असतं, ग्रेपफ्रूट खाऊ नका. ते शेवगाव-पाथर्डीच्या बाजारात कुणी पाहिलंय? मग ‘आंबट फळ नको’ असा घरगुती अनुवाद होतो आणि बिचाऱ्या मोसंबीवर बंदी येते. ग्रेपफ्रूटचा दोष १९८९ मध्ये कॅनडात अपघाताने सापडला. अल्कोहोलची चव झाकायला संशोधकांनी त्याचा रस वापरला आणि रक्तदाबाची गोळी भलतीच चढली. आतड्यातलं जे एन्झाइम औषधाला आवर घालतं, त्यालाच हा रस निकामी करतो. आपल्याकडे त्याचा सख्खा पूर्वज आहे, पपनस. कोकणातला पाहुणा गणपतीत कौतुकाने घेऊन येतो.

मोसंबी बंद. पपनस चालू.

राहता राहिला उपवास. काही गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या, काही उपाशीपोटी. इमॅटिनिब जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्यासोबत. कॅपेसिटाबिन जेवणानंतर अर्ध्या तासाच्या आत. निलोटिनिबच्या आधी दोन तास आणि नंतर एक तास काही खायचं नाही. कॅलेंडरात चतुर्थी, एकादशी, सोमवार, शिवाय श्रावण. ‘उपाशीपोटी’ म्हटलं की माउलींना बरं वाटतं, आज एकादशीच आहे. मग शेंगदाण्याचा कूट आणि तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी येते. एकादशी, दुप्पट खाशी! अन्न नव्हे, फराळ आहे. निलोटिनिबला हा फरक कळत नाही. तेलातुपाच्या खाण्याबरोबर ते रक्तात जवळपास दुप्पट चढतं, आणि चढलं की हृदयाच्या ठोक्यांशी खेळतं.

काहीजण एकादशीला गोळीलाच सुट्टी देतात. पांडुरंग समजून घेईलही. पेशी वारकरी नाहीत.

प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या अबिराटेरोनची गोष्ट तर आणखी मजेची. चार गोळ्या, रोज, उपाशीपोटी. स्निग्ध जेवणाबरोबर घेतलं तर हेच औषध दहापट शोषलं जातं. मग चार गोळ्या उपाशी का घ्यायच्या, एक गोळी नाष्ट्यासोबत का नाही? हा प्रश्न आमच्या पारावरचा वाटेल, पण विचारला अमेरिकेतल्या डॉक्टरांनी. २०१८ मध्ये ७२ पुरुषांवर पाहणी झाली, २५० मिलिग्रॅम कमी चरबीच्या नाष्ट्यासोबत विरुद्ध १००० मिलिग्रॅम उपाशीपोटी. या कॅन्सरचा माग दाखवणारा रक्तातला पीएसए दोन्हीकडे सारखाच उतरला. औषध एक चतुर्थांश! औषध कंपन्यांनी हे पोस्टर लावल्याचं ऐकिवात नाही.

पण थांबा. ही युक्ती डॉक्टरांनी लिहून दिली तर उपचार. स्वतःच चार गोळ्या मिसळपावासोबत घेतल्या तर दहापट औषध अंगात, आणि मग पोटॅशियम, रक्तदाब, यकृत यांचा जो गोंधळ होतो तो निस्तरायला मिसळवाला येत नाही.

आपल्या महाराष्ट्राचं म्हणावं असं काम तोंडाच्या कॅन्सरवर झालं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या वाढलेल्या कॅन्सरच्या ४२२ रुग्णांवर तुलना केली. एकीकडे सलाईनमधून सिस्प्लाटिन, दुसरीकडे आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट आणि रोज दोनदा सेलेकॉक्सिब, दोन्ही तोंडावाटे. २०२० मध्ये निकाल छापून आला. गोळ्यावाले सरासरी साडेसात महिने जगले, सलाईनवाले सहा. दीड महिना म्हणजे फार नव्हे, पण तो घरी, आणि स्वस्तात. गरिबाच्या खिशाचा विचार करून केलेलं संशोधन आपल्याकडे रोज कुठे होतं?

आता ते गावात आलं की काय होतं पाहा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. ‘गोळी रोज घ्यायची असते’ हे आपलं बाळकडू. रोज घेतली तर तोंड सोलतं, रक्तपेशी कोसळतात, माणूस जातो. ताप आला म्हणून शेजारच्याने उरलेली सेप्ट्रान दिली, तीही मेथोट्रेक्सेटबरोबर हाडांतली मज्जा दाबते. दुखतं म्हणून मेडिकलमधून डायक्लोफेनॅक आणली. सेलेकॉक्सिब ही मुळात सांधेदुखीचीच गोळी, म्हणजे दुखण्याच्या दोन गोळ्या झाल्या. किडनी एकटी काय काय बघणार?

मेडिकलवाल्याने सांगायला नको का? २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांप्रमाणे फार्मासिस्टने रुग्णाचं समुपदेशन करायचं असतं. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट भिंतीवर असतं. फार्मासिस्ट कुठे असतो, हा वेगळा विषय. काउंटरवरचा पोरगा सुट्या पैशांसाठी थांबलेला असतो. माहितीचा कागद डब्यात एकच, इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. स्ट्रिप कापून दिली की तोही डब्यातच राहतो.

कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करायला १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. सत्तर वर्षं झाली. हायवेच्या कडेला जडीबुटीचा तंबू आहे, त्यावर बोर्ड आहे, बोर्डावर रोगांची यादी आहे. यादीत कॅन्सर आहे. तंबूसमोरून सरकारी गाड्या जातात. काचा काळ्या असतात म्हणे.

डॉक्टर विचारत नाहीत, ही तक्रारही पूर्ण खरी नाही. विचारतात. ‘आणखी काही औषध चालू आहे का?’ आबा म्हणतात, ‘नाही साहेब, काहीच नाही.’ आबा खोटं बोलत नाहीत. काढा औषधात मोडत नाही, गॅसची गोळी तर चहाबरोबरची, कॅप्सूल पोराने ऑनलाइन मागवलेली, आणि अंगारा देवाचा. प्रश्न वेगळा हवा, सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय टाकता? किंवा सरळ फर्मान काढावं, पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या बाटल्या, डब्या, पुड्या पिशवीत घालून आणा.

आबा आणतातही. पिशवी टेबलावर उलटी होते, डॉक्टर चष्मा लावून पहिली डबी उचलतात, आणि बाहेरचा कंपाउंडर दार ढकलून विचारतो, ‘साहेब, पुढचा पेशंट सोडू का?’