भुंकण्याची नोंद

भिवंडीत मानकोली नाका ओलांडला की गोदामांची रांग लागते. त्यातल्या एकाने हल्ली जर्मन शेफर्ड ठेवलाय, एजन्सीकडून महिन्याच्या करारावर, हँडलरसकट. सलग ड्युटी नको, उन्हात उभं करायचं नाही, कूलर हवा, डॉक्टर हवा, सगळं लेखी. फाटकावरचे वॉचमनकाका बारा तास उभे. त्यांच्या करारात खुर्चीसुद्धा नाही. (चावता येत नसलं की असं होतं.)

पहिल्याच रात्री साहेबांपुढे प्रात्यक्षिक झालं. ट्रकखाली लपवलेला हमालाचा पोरगा कुत्र्याने क्षणात हुडकला. टाळ्या!

माल गेला तो भरदुपारी, फाटकातून, ई-वे बिल दाखवून, शिक्का मारून. शेफर्ड कूलरपुढे झोपला होता. जागा असता तरी काय? त्याला माणसाचा घाम कळतो, बिलाचा खोटेपणा नाही.

चौकशी झाली. काकांचा पगार कापला, कुत्र्याचा करार वाढवला. काकांच्या ग्लुकोज बिस्किटांवर जगणारा गावठी मोत्या मात्र माल नेणाऱ्या टेम्पोमागे पार हायवेपर्यंत भुंकत गेला होता. पण तो एजन्सीचा नसल्यामुळे त्याचं भुंकणं रजिस्टरात घेता आलं नाही.