संशोधक व्हायचंय? आधी झेरॉक्स काढा

नीती आयोगाने २०१८ साली नंदुरबारला 'आकांक्षित जिल्हा' ठरवलं. तेव्हापासून इथे आकांक्षा बाळगणं हे जवळजवळ शासकीय कर्तव्य झालं आहे. एम.ए., एम.एस्सी. होऊनही ज्यांची पुढे शिकायची खोड गेलेली नाही, अशा मुलामुलींसाठी हे मार्गदर्शन. संधी भरपूर आहेत. कागद कमी पडतात, आणि ते कसे जमवावेत हे कुठल्याच अभ्यासक्रमात शिकवत नाहीत.

सुरुवात आजोबांपासून करावी. विषय, गाईड, नेटची तयारी हे सगळं नंतर. आदिवासी विद्यार्थ्याला ठिकठिकाणी व्हॅलिडिटी, म्हणजे जातवैधता प्रमाणपत्र, मागतात, आणि पडताळणी समितीला सर्वांत प्रिय असतो तो १९५० पूर्वीचा पुरावा. कारण अनुसूचित जमातींबाबतचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा आहे. तेव्हा आजोबांचं नाव त्याआधी कुठल्या शाळेच्या रजिस्टरात पडलं होतं का, आणि जातीच्या रकान्यात गुरुजींनी काय लिहून ठेवलं, याचा शोध घ्या. पाड्यावर तेव्हा शाळाच नसेल, तर तो आजोबांच्या दूरदृष्टीचा अभाव समजावा. नातू एके दिवशी पीएचडी करणार हे ओळखून नर्मदेकाठी गुरं राखणाऱ्या माणसाने निदान पहिलीत तरी नाव घालायला हवं होतं.

कागद अपुरे पडले की आप्तभाव चाचणी येते. कुलदेव कोणता, लग्नात काय काय करता, सण कसे, बोली कशी, असं विचारतात. इथे मनापासून सल्ला असा की कडक इस्त्रीच्या शर्टात आणि पुस्तकी मराठीत उत्तरं देऊ नका. शिकलेला माणूस देवांपासून दुरावलेला असतो, त्यामुळे संशय येतो. न शिकलेला फेलोशिप मागायला येतच नाही. या दोघांच्या मधे जी बोटभर जागा उरते तिथे उभं राहायचा सराव ठेवा. पावरी बोलीवर प्रबंध लिहायला निघालेल्याला पावरी बोलता येते का हे कुणी तपासलं, तर रागावू नये. व्हायवाची रंगीत तालीम म्हणून घ्यावं. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. त्या निकालाची प्रत फाइलला जरूर जोडा. कुणी वाचेल न वाचेल, फाइल जाड दिसते.

आता आधार. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी तिथवर आले होते. माणसाला ओळख देण्यात नंदुरबार देशाच्या पुढे होतं. म्हणून 'आधार बँक खात्याशी संलग्न नाही' या कारणासाठी शिष्यवृत्ती अडली, तर इतिहासात रमून वेळ काढावा. खात्याला आधार जोडणं निराळं आणि ते 'सीड' होणं निराळं, हे बँकेतले भाऊसाहेब तिसऱ्या खेपेला सांगतात. थेट लाभाचे पैसे शेवटचं सीडिंग ज्या खात्यात झालं तिकडे जातात. ते खातं बहुधा आठवीत असताना आश्रमशाळेच्या गुरुजींनी उघडून दिलेलं असतं. पासबुक हरवलेलं, मोबाइल नंबर काकाचा, आणि काका ऊसतोडीला गुजरातेत. तेव्हा काकांशी संबंध सलोख्याचे ठेवा. गाईडइतकेच ते महत्त्वाचे.

एवढं झाल्यावर पैशांकडे वळता येईल. नेट देऊन जेआरएफ मिळाली तर महिन्याला ३७,००० रुपये, दोन वर्षांनी ४२,०००. परीक्षा वर्षातून दोनदा. वयोमर्यादा तिशीची, अनुसूचित जमातीला पाच वर्षांची सूट. ही सूट व्हॅलिडिटीच्या वाटेवरच खर्च होते, ती वेगळी वापरायची राहू नये याची काळजी व्यवस्था घेते. केंद्राच्या आदिवासी मंत्रालयाची राष्ट्रीय फेलोशिप वर्षाला ७५० जणांना मिळते, अख्ख्या देशात. परदेशी शिकायला जायचं असेल तर त्याच मंत्रालयाची ओव्हरसीज शिष्यवृत्ती आहे, तिच्या जागा वीस. सव्वाशे कोटींच्या वर लोक असलेल्या देशात वीस आदिवासी मुलं एकदम विमानात बसली तर गोंधळ होईल, हा विचार त्यामागे असावा. शिवाय राज्याची स्वयं योजना आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्याला पुण्या-मुंबईसारख्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये. म्हणजे आधी वसतिगृहात जागा मिळाली नाही हे सिद्ध करायचं. अपयशाचाही दाखला लागतो हे ध्यानात ठेवून कुठलंही अपयश वाया घालवू नये. घरमालक डिपॉझिट जूनमध्ये मागतो आणि हप्ता सवडीने येतो, एवढीच एक किरकोळ अडचण.

मुदतीबद्दल दोन शब्द. अर्जाच्या तारखा बऱ्याचदा पावसाळ्यात येतात. धडगावहून तळोद्याच्या प्रकल्प कार्यालयात यायला चांदसैलीचा घाट लागतो, आणि त्या घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात. दरड आणि 'सर्व्हर डाऊन' या दोन गोष्टी एकाच दिवशी येऊ नयेत म्हणून अस्तंब्याच्या देवाला नवस बोलायला हरकत नाही. विद्यापीठ जळगावला आहे. सुरत-भुसावळ लाइनवरून नंदुरबारहून सकाळी निघालात तर दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत पोहोचता, तीच वेळ खिडकी बंद असण्याची.

यापुढे व्यावसायिक विकास. याला खर्च कमी आणि भिंती जास्त लागतात, कारण प्रमाणपत्रं टांगायची असतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हे क्षेत्र अचानक भरभराटीला आलं. गूगल फॉर्मवर दहा प्रश्न सोडवायचे, चाळीस टक्के मिळाले की ई-प्रमाणपत्र मेलवर हजर. टेकडीवर चढून नेटवर्कची एक काडी मिळवून ज्यांनी त्या काळात प्रमाणपत्रं उतरवून घेतली, त्यांच्या चिकाटीबद्दल शंका नको. राष्ट्रीय चर्चासत्र मात्र प्रत्यक्ष हजर राहून करावं. नोंदणी शुल्क भरलं की पिशवी, पेन, पॅड आणि जेवणाचं कुपन मिळतं. नेपाळहून एखादे प्राध्यापक झूमवर दहा मिनिटं दिसले की तेच चर्चासत्र आंतरराष्ट्रीय होतं. विषय बहुधा 'आदिवासी संस्कृती : दशा आणि दिशा' असा असतो. बीजभाषण करायला मोठ्या शहरातून पाहुणे येतात आणि होळीला पाड्यावर काय घडतं ते पाड्यावरच्याच मुलांना समजावून देतात. अशा वेळी वहीत लिहून घ्यावं. कानात चूक खुपली तरी हात वर करू नये, आभारप्रदर्शन लांबतं.

शोधनिबंध कुठे छापावा हा प्रश्न सोपा आहे, फक्त उत्तर बदलत राहतं. यूजीसीने २०१९ मध्ये केअर यादी आणली. यादीतल्या नियतकालिकात छापा, असं सगळ्यांनी बजावलं, आणि यादीच्या नावावर दुकानं निघाली. २०२५ मध्ये यादीच रद्द झाली. प्रबंध देण्याआधी निबंध छापलाच पाहिजे ही अटही २०२२ च्या नियमांत राहिली नाही. ज्यांनी पैसे भरून निबंध छापले त्यांनी तो अंक घरात जपून ठेवावा; पावती जास्त जपून.

एक संधी मात्र इथे बारा महिने चालते आणि तिला अर्ज लागत नाही. कुपोषण, सरदार सरोवराचं विस्थापन, वनहक्क अशा विषयांवर अभ्यास करायला दिल्ली-मुंबईहून आणि कधी परदेशातूनही संशोधक अक्कलकुवा-धडगावला येतात. त्यांना बोली कळत नाही, पायवाट सापडत नाही, आणि म्हातारी माणसं त्यांच्यापुढे तोंड उघडत नाहीत. तिथे तुमची गरज लागते. तुम्ही प्रश्न भिल्लीत विचारता, उत्तर मराठीत सांगता, अर्थ इंग्रजीत कसाबसा बसवून देता. विचारायचं काय आणि विचारायचं नाही काय, हेही तुम्हीच सुचवता. या कामाला शास्त्रात क्षेत्रकार्य म्हणतात. तुम्ही केलं की मदत म्हणतात. मानधन म्हणून चहा आणि मोटारसायकलचं पेट्रोल मिळतं, आणि पुस्तक निघालं की ऋणनिर्देशात तुमचं नाव येतं, बहुधा आडनावाशिवाय. आम्हाला विचाराल तर नियम एकच असावा: ज्याच्याशिवाय मुलाखत झाली नसती, त्याचं नाव मुखपृष्ठावर. पण आम्हाला विचारतं कोण.

पीएचडी झाल्यावर काय, असं घरचे विचारतील. सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर प्राध्यापकी. पगार तासावर, तोही आला तेव्हा आला, सुट्टीचे पैसे नाहीत. नेमणूक त्या शैक्षणिक वर्षापुरती असते, पुढच्या वर्षी पुन्हा मुलाखत, आणि मुलाखतीला सगळ्या मूळ प्रती आणि साक्षांकित झेरॉक्सचे संच लागतात. तेव्हा डॉक्टर झालात म्हणून फाइल माळ्यावर टाकू नका.