उद्या या!

आमचा भाचा नेदरलँड्समध्ये अ‍ॅमस्टलव्हेनला असतो. सुट्टीवर आला की आमच्या तहसील कचेरीची टिंगल केल्याशिवाय त्याला पुरणपोळी पचत नाही. "मामा, तिकडे खिडकीवर कुणी खेकसत नाही. घरबसल्या अर्ज करायचा, निळ्या पाकिटातून उत्तर येतं." तिथल्या करखात्याचं ब्रीदच होतं : कर भरणं आम्ही मजेचं करू शकत नाही, सोपं मात्र करू.

सोपं केलंच त्यांनी. पाळणाघराच्या अनुदानाच्या कागदावर एखादी सही राहिली, की सगळंच्या सगळं अनुदान परत करा! हजारो युरो. संशयित कोण, हे संगणक सुचवायचा. अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हेही तो बघायचा. 'लबाड' असा शिक्का बसलेल्याला हप्तेसुद्धा नाकारले. हजारो कुटुंबं कर्जात बुडाली. आमची फाइल दाखवा म्हणणाऱ्यांना २०१९ मध्ये फाइल मिळाली, पण पानंच्या पानं काळी केलेली. (आपल्याकडे फाइल गहाळ होते. निदान शाई तरी वाचते.)

खेकसलं मात्र कुणी नाही.

डिसेंबर २०२० मध्ये संसदीय समितीनं 'अभूतपूर्व अन्याय' नावाचा अहवाल दिला. १५ जानेवारी २०२१ रोजी मंत्रिमंडळानं राजीनामा दिला आणि पंतप्रधान मार्क रुटे तो द्यायला राजाकडे सायकलवरून गेले. मार्चच्या निवडणुकीत त्यांचाच पक्ष पुन्हा पहिला. येरे माझ्या मागल्या.

आता आमचे अण्णा कारकून घ्या. २००५ च्या दफ्तर दिरंगाई कायद्यानं टेबलावर फाइल कामाच्या सात दिवसांच्या वर ठेवता येत नाही. अण्णा आठव्या दिवशी ती शेजारच्या टेबलावर सरकवतात. वसुलीची असली नोटीस अण्णांच्या हाती पडती, तर साहेब दौऱ्यावर, शिक्का कुलपात आणि अण्णा लग्नाला. तोवर पोर पाळणाघरातून कॉलेजात गेलं असतं. शिवाय अण्णांशी भांडता येतं. "सही राहिलीय" म्हणाले, तर त्यांचंच पेन मागून तिथल्या तिथे करता येते.

म्हणून आमची सूचना अशी की डच सरकारनं दर कचेरीत एक खिडकी पाडावी, तिच्यामागे एक अण्णा बसवावा आणि संगणकाचा प्रत्येक हुकूम आधी त्याच्या टेबलावर ठेवावा. चहाचा खर्च आमच्याकडे लागला.

परवा रात्री भाच्याचा फोन आला. आवाज बारीक. "मामा, निळं पाकीट आलंय. अजून फोडलं नाही. तुमचे ते अण्णा रिटायर झाले का हो?"