शतावरी, सोयाबीन आणि घोडी

पाळी पहिल्यांदा येते तेव्हा घरात कुजबुज होते. ती जायला लागली की मात्र ज्याला त्याला कंठ फुटतो. बदलापूरहून सुटलेल्या लोकलच्या लेडीज डब्यात, ऐन डिसेंबरात, एखादी बाई ओढणीने वारा घेताना दिसली की कल्याणच्या आत तिचं निदान होतं आणि ठाण्यापर्यंत उपचार. खिडकीतली म्हणते, धणे-जिऱ्याचं पाणी घे गं. चौथ्या सीटवर टेकलेली शतावरी कल्पाचं नाव काढते, रात्री दुधातून. दारातली भाजलेल्या जवसाची पुडीच पुढे करते. डोंबिवलीला चढलेलीला विषय काय चाललाय हेही ठाऊक नसतं, तरी ती गुलकंद सुचवते. "उष्णता वाढलीये तुझी," यावर साऱ्या डब्याचं एकमत होतं. एरवी खिडकी उघडायची की लावायची यावरही तिथे कधी एकमत झालेलं नाही.

खरं तर अंगातली उष्णता फारशी वाढलेली नसते. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडे तापमान सांभाळायचं खातं असतं, आणि इस्ट्रोजेन उतरणीला लागलं की हे खातं भलतंच हळवं होतं. पूर्वी जे खपून जायचं ते आता खपत नाही. तापमान किंचित चढलं तरी कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घामाच्या धारा लागतात आणि थोड्या वेळाने त्याच बाईला हुडहुडी भरते. गुलकंदाची तिथवर पोच नाही.

आणि या वाफा येण्याचं हे चालतं किती? दिवसांत मोजायची सोय नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकात तीन हजारांहून अधिक बायकांना घेऊन 'स्वान' नावाचा अभ्यास सुरू झाला. वारंवार वाफा येणाऱ्या बायकांमध्ये हा काळ साधारण ७.४ वर्षांचा निघाला. भारतात पाळी जाण्याचं सरासरी वय ४६-४७, म्हणजे पाश्चात्त्य बायकांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. मुलगी दहावीला असताना पंख्यावरून सुरू झालेलं भांडण ती नोकरीला लागली तरी मिटत नाही. रेग्युलेटर पाचवर, नवरा गोधडीत. रात्री तीनला कुणीतरी उठून तो दोनवर आणतं. कोण, ते दोघांनाही माहीत असतं. सकाळचा चहा होईपर्यंत बोलत कुणीच नाही.

नवऱ्याच्या आधी बाईचं वय तिच्या मोबाइलला कळतं. 'हॉर्मोन बॅलन्स'ची चूर्णं, गोळ्या, चहा अशा जाहिरातींची रांग लागते. डबीवर हिरवं पान, खाली '१०० टक्के नैसर्गिक'. आता नैसर्गिकच हवं असेल तर प्रीमरिनने काय पाप केलं? १९४२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेली ही इस्ट्रोजेनची गोळी गाभण घोडीच्या मूत्रापासून करतात. हॉर्मोन घोडीने घडवायचं, माणसाने फक्त गाळून घ्यायचं. पण डबीवर घोडी छापायचं धाडस कुणी केलेलं दिसत नाही.

१९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या अमेरिकन डॉक्टरांनी 'फेमिनिन फॉरएव्हर' लिहून इस्ट्रोजेन म्हणजे चिरतारुण्य असं बायकांच्या मनावर ठसवलं. पुस्तकही खपलं, गोळ्याही. मग २००२ साली 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीचा एक भाग मध्येच थांबवावा लागला, कारण स्तनांचा कर्करोग आणि पक्षाघात यांचा धोका थोडा वाढलेला दिसला. झालं, गोळ्या केराच्या टोपलीत. चाचणीतल्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे लक्षात घ्यायला पुढे बरीच वर्षं जावी लागली. साठीच्या आतली, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेली आणि वाफांनी खरोखर हैराण झालेली बाई असेल, दुसरी काही अडचण नसेल, तर फायदा बहुधा धोक्याहून जास्त, असं आता तज्ज्ञ मानतात. तोवर हिरव्या पानाचं दुकान जोरात चालू लागलं होतं.

सोयाबीनची बाजू त्यातल्या त्यात बरी. त्यातली आयसोफ्लेवोन्स इस्ट्रोजेनच्या लांबच्या नात्यातली. पण आतड्यातल्या ठरावीक जिवाणूंनी त्यांचं इक्वॉल केलं तर जोर येतो, आणि ते जिवाणू सगळ्यांच्या पोटी नसतात. जपान्यांत जास्त, पाश्चात्त्यांत कमी. आपल्याकडे लातूरपासून विदर्भापर्यंत सोयाबीन पिकतं, पण पेंड जाते कोंबड्यांना. त्यांची काही तक्रार नाही.

तरीही डब्यातल्या बायका खोटं बोलत नसतात. "मला फरक पडला," हे खरंच असतं. हॉर्मोनच्या चाचण्यांत ज्या बायकांना नुसत्या पोकळ गोळ्या दिल्या होत्या, त्यांच्याही वाफा निम्म्याहून जास्त उतरल्या, असं वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या आढाव्यात दिसलं. मग धणे-जिऱ्याने कुणाचं घोडं मारलंय?

उत्तर अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ मध्ये हॉर्मोनविना उपायांची झाडाझडती घेतली. वाफांपुरती जडीबुटी, सोया आणि योगासनंही पुराव्याअभावी बाजूला पडली. (योगाच्या वर्गातल्या ताईंनी रागावू नये, सांधे मोकळे करायला आसनांना कुणाची ना नाही.) शिफारस मिळाली ती काही औषधांना, सीबीटी या समुपदेशनाला, वजन उतरवण्याला आणि चक्क संमोहनाला. "सूनबाईंना संमोहनाला न्यायचंय," हे सासरी सांगून पाहावं.

एक गोष्ट मात्र डब्यावर सोपवू नये. वर्षभर पाळी नाही आणि मग अचानक रक्तस्राव झाला, तर ती 'उष्णता' नव्हे. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठायचा.

खरी पडझड चालू असते हाडांत, आणि तिथे घाम फुटत नाही, वाफ येत नाही, म्हणून सल्लाही मिळत नाही. पाळी गेल्यावरच्या पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता २० टक्क्यांपर्यंत उतरू शकते. आयसीएमआर या वयात रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम सांगते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं. उरलेल्यासाठी दूध, दही, तिळाची चटणी. नाचणीचं दुर्दैव हेच की ती किराण्याच्या दुकानात मिळते, त्यामुळे तिची रील कुणी काढत नाही.

वजन उचलण्याचंही तसंच. ऑस्ट्रेलियातल्या ग्रिफिथ विद्यापीठाने हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांवर चाचणी केली. ज्यांनी प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, चांगली जड वजनं उचलली, त्यांच्या कण्याची घनता आठ महिन्यांत वाढली. २०१८ साली छापून आलेली ही बातमी सोसायटीच्या जिमपर्यंत अजून पोचलेली नाही. तिथला पोरगा "काकू, सावकाश हं," म्हणत एक किलोचं गुलाबी डंबेल हातात ठेवतो. काकूंनी आदल्याच दिवशी भरलेला गॅस सिलिंडर, टाकीसकट तीस किलोच्या घरातला, दारापासून ओट्यापर्यंत एकटीने फिरवत नेलेला असतो. त्या डंबेल उलटंसुलटं करून बघतात आणि विचारतात, "हे पोरांचं झालं. मोठ्यांची कुठे ठेवता?"