वरच्या खोलीचे आबा

कोल्हापुरात राजारामपुरीच्या कुठल्याही गल्लीत शिरा आणि मान वर करा. एखाद्या गच्चीवर गंजलेल्या सळ्या उभ्या दिसतील. त्या घरात आबा राहतात.

1962 साली शिवाजी विद्यापीठ झालं, तेव्हापासून बाहेरगावच्या पोरांना खोली लागते, एवढ्या भांडवलावर आबांनी वर दोन खोल्या काढायचं ठरवलेलं असतं. सिमेंट, वाळू, गवंड्याची मजुरी, कशालाच ना नाही. स्लॅबच्या दिवशी मटणाचं जेवण घालायलाही हात आखडत नाही. पण महापालिकेचं चलन हातात आलं की आबांचा चष्मा कपाळावर जातो.

“विकास शुल्क? विकास मी करणार, शुल्क तुमाला?”

“आबा, निवासी बांधकामाला जागेच्या रेडी रेकनर दराच्या 2 टक्के असतंय.”

“मग थांबू की. दर उतरला की भरू.”

रेडी रेकनर उतरायची वाट बघणारा माणूस मी दुसरीकडे पाहिलेला नाही. 1 एप्रिल 2025 ला राज्यभर दर वाढले, तेव्हा आबांनी इंजिनिअरलाच झापलं, “तू घाई का केली न्हाईस?”

कामगार कल्याण उपकर म्हणजे बांधकाम खर्चाचा 1 टक्का. नोव्हेंबर 2025 पर्यंत स्वतःला राहायचं घर 10 लाखांच्या आत होत असेल तर तो माफ असायचा, हे कळल्यापासून त्या खोल्यांचे दोन भाव झाले. इंजिनिअरसमोर नऊ लाख नव्वद हजार आणि व्याह्यांसमोर पंचवीस लाख. राहायला मात्र स्वतःच!

विनापरवाना उरकून टाकावं, असंही एकदा मनात आलं होतं. पण शास्ती भरली तरी बांधकाम कायदेशीर होत नाही म्हटल्यावर आबा चपापले. पैसे मोजून वर चोरच राहायचं, हा व्यवहार त्यांना पटेना. परवाना निघाला. खोल्या झाल्या.

आता उरला घरफाळा. बिल आलं की आबा ते कट्ट्यावर बसून मोठ्यानं वाचतात. “शिक्षण कर! पोरं शिकून कवाच पुण्याला गेली. वृक्ष कर! दारातला नारळ मी लावला, पाणी मी घालतो, नारळ पडून कौलं माझीच फुटत्यात.” शेवटी कुरकुरत भरतात, तेही सवलतीची मुदत गाठून. त्यात मात्र आबांचा हात कुणी धरायचा नाही.

खरी धास्ती निराळीच. भाडं कळलं की घरफाळा वाढणार. म्हणून मोजमापाला माणूस आला त्या दिवशी वरची तिन्ही पोरं आबांचे भाचे झाली. एक लातूरचा, एक कणकवलीचा, एक निपाणीचा. आडनावंही तीन.

टेप गुंडाळत त्या माणसानं विचारलं, “आबा, बहिणी किती तुम्हाला?”

आबा बोटं मोजायला लागले. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या काकू म्हणाल्या, “ह्यांना? एकबी न्हाई.”